गाठोडं सोडताना

  संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणी मिरचीचे देठ खुडत बसली असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडं द्या.

मी सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, लाडक्या बहिणीची केवायसी, गटाच्या कर्जाचे कागद, असलं सगळं माझ्या हातून जातं. नऊ वर्षं झाली. आज मी बोलणार आहे ते कॉम्प्युटरबद्दल आहे, पण घाबरू नका. मी स्वतः बारावीपर्यंत शिकले, तीही कला शाखेतून. मला कळलं ते तुम्हाला कळणारच.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्याचे पैसे मोजून झाले, सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एका आक्कांनी फोन पुढं केला. "बघ गं बाई, ही लग्नाची पत्रिका उघडू लालीच नाही." म्हटलं, कुणाची पत्रिका? "ते उघडल्यावर कळंल की!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मी त्या फाइलीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं वाचली आणि हसू थांबलं. लिहिलं होतं एपीके. म्हणजे ती पत्रिकाच नव्हती.

आपल्या शेजारच्या हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये हेच झालं. एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरावरून लग्नाचं निमंत्रण आलं. ३० ऑगस्टचं लग्न, जरूर या. दिसायला पीडीएफ पत्रिका, आत एपीके. त्यांनी ती दाबली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. शिकलेला, नोकरीतला माणूस. तेव्हा कुणी म्हणालं ना, की बायकांना फोनमधलं काही कळत नाही म्हणून फसतात, तर त्याला हिंगोलीची गोष्ट सांगा.

आता एपीके म्हणजे काय? एपीके हे एक गाठोडं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये जे अ‍ॅप बसतं ते आधी गाठोडं बांधून येतं. आत चित्रं, अक्षरं, हुकूम असं सगळं दाबून भरलेलं. कॉम्प्युटरवर गाठोड्याचा जो सगळ्यात ओळखीचा प्रकार आहे, झिप, त्याच पद्धतीनं एपीके बांधलेलं असतं. हे झिप तुम्ही ऐकलेलं आहे. बँकेतले साहेब म्हणतात ना, "ताई, गटाचे सगळे कागद झिप करून मेल करा." वीस बायकांची आधार कार्डं, पासबुकाची पानं, ठरावाची प्रत, फोटो. सुटे पाठवले तर एखादा हरवतो, म्हणून एका फडक्यात बांधायचे. १९८९ साली अमेरिकेतल्या फिल काट्झ नावाच्या माणसानं ही झिपची पद्धत काढली. त्यानंतर एका रशियन इंजिनिअरनं, युजिन रोशल यांनी, रार नावाची दुसरी पद्धत काढली. ती उघडायला विनरार नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. आपल्या इकडच्या जवळपास प्रत्येक सेवा केंद्रात, नेट कॅफेत, टायपिंगच्या दुकानात तुम्हाला ते दिसेल. तीन पुस्तकं एकावर एक ठेवून वरून पट्टा बांधलेलं चित्र असतं त्याचं.

गाठोडं बांधायला काही धोका नाही. धोका सोडण्यात आहे. आणि आज मला हेच सांगायचं आहे की गाठोडं आपण सोडत नाही. आपण फक्त बोट लावतो. सोडणारा आत बसलेला असतो, ते सॉफ्टवेअर. तो आपला हमाल समजा. हमाल जर असा असेल, की पोत्यावरच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय ते डोळे मिटून करायचं, तर मालक कितीही हुशार असला तरी उपयोग नाही.

आपण धर्माबादच्या बायका, आपल्याला मिरचीच्या बाजारातलं उदाहरण लवकर कळेल. समजा शंभर पोती ट्रकमध्ये भरली. प्रत्येक पोत्याला एक चिठ्ठी शिवलेली असते, आणि ड्रायव्हरच्या हातात सगळ्या मालाची बिल्टी असते. झिपमध्ये अगदी असंच असतं. आतल्या प्रत्येक फाइलीला तिची स्वतःची चिठ्ठी, आणि गाठोड्याच्या अगदी शेवटी सगळ्यांची मिळून एक यादी. आता पोत्यावर एक लिहिलं आणि बिल्टीत दुसरं लिहिलं, तर? गेटवरचा माणूस बिल्टी बघून म्हणेल, ठीक आहे, जाऊ द्या. आतला हमाल पोत्यावरची चिठ्ठी वाचून भलतंच करेल. दोघंही इमानदार. पण दोघांनी दोन वेगळे कागद वाचले.

हे फोनमध्ये खरंच घडलेलं आहे. २०१३ साली ब्लूबॉक्स नावाच्या अमेरिकन कंपनीनं अँड्रॉइडमधली अशी एक चूक जगापुढं आणली. फोनमध्ये अ‍ॅप बसताना दोन कामं होतात. एक जण गाठोडं तपासतो, की हे खरंच त्याच कंपनीनं बांधलंय का, मध्ये कुणी हात घातला नाही ना. दुसरा जण ते सोडून फोनमध्ये बसवतो. चोरानं काय करायचं, तर गाठोड्यात एकाच नावाच्या दोन फाइली ठेवायच्या, एक खरी आणि एक आपली. तपासणारा खरी बघायचा आणि म्हणायचा, शाब्बास. बसवणारा खोटी उचलायचा. त्या कंपनीच्या अंदाजानं तेव्हाच्या ९९ टक्के अँड्रॉइड फोनमध्ये ही भेग होती, आणि चार वर्षांपासून होती. त्यांनी तिला नाव दिलं 'मास्टर की', म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली. गूगलनं ती भेग बुजवली, आताच्या फोनांत ती नाही. पण ज्यांचे फोन तेव्हाच जुने झाले होते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचायला फार वेळ लागला, काहींपर्यंत पोचलीच नाही. दुरुस्ती आधी महागड्या फोनला मिळते आणि शेवटी आपल्या फोनला. हा अन्याय मला नेहमी खुपतो.

हिंगोलीच्या पत्रिकेसारख्या आताच्या फसवणुकीत असली बारीक भेग शोधायची चोराला गरजही पडत नाही. तो आपल्याकडूनच परवानगी काढून घेतो. "हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलंय, बसवू का?" असं फोन विचारतो, आपण पत्रिका बघायच्या घाईत 'हो' दाबतो. मग ते अ‍ॅप मेसेज वाचायला मागतं, तेही आपण देतो. बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. लग्नाची पत्रिका, पीएम किसानची यादी, गाडीचं चलान, सगळं याच गाठोड्यात बांधून येतं. फोटो, पीडीएफ बघायला कधीही काही 'बसवावं' लागत नाही. जिथं फोन 'इन्स्टॉल' म्हणाला, तिथं मागं फिरायचं.

आता कॉम्प्युटरकडं येते. तिथली गोष्ट वेगळी आहे, कारण तिथं परवानगी न विचारताही घात झालेला आहे.

गाठोड्यातल्या प्रत्येक फाइलीच्या चिठ्ठीवर तिचं नाव असतं आणि कुठं ठेवायचं तो पत्ताही असतो. कॉम्प्युटरच्या भाषेत दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ काढली की अर्थ होतो, 'या खोलीतून एक पाऊल बाहेर'. चोर चिठ्ठीवर लिहितो: एक पाऊल बाहेर, अजून एक बाहेर, अजून एक बाहेर, आता डावीकडच्या खोलीत ठेव. शहाण्या हमालानं म्हणायला हवं, "मालक, तुम्ही मला गोदामात ठेवायला सांगितलंय, ही चिठ्ठी तर तुमच्या स्वयंपाकघरात न्यायला सांगतेय." बिनडोक हमाल थेट नेऊन ठेवतो. आणि चोर पत्ता कुठला देतो? विंडोजमध्ये एक जागा अशी असते, की तिथं ठेवलेली गोष्ट कॉम्प्युटर चालू केला की आपोआप सुरू होते. तिथला. म्हणजे आज तुम्ही गाठोडं सोडलं, कागद बघितले, सगळं नीट दिसलं, कॉम्प्युटर बंद करून घरी गेलात. उद्या सकाळी उदबत्ती लावून बटण दाबलं, की चोर जागा झाला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट नावाच्या इस्रायली कंपनीनं विनरारमधली नेमकी ही चूक उघड केली. ती चूक किती जुनी होती सांगू? १९ वर्षं. एखादी पोरगी जन्मून, शाळेत जाऊन, बारावी पास होऊन कॉलेजला जाईल एवढी वर्षं. एस नावाचा गाठोड्याचा एक जुना प्रकार होता. तो उघडायचा तुकडा विनरारवाल्यांनी दुसऱ्याकडून घेतलेला. २००५ पासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता, आणि त्याचं मूळ लिखाण विनरारवाल्यांकडं नव्हतंच. दुरुस्त करणार कसं? शेवटी त्यांनी ५.७० या आवृत्तीपासून एस उघडणंच बंद करून टाकलं. कुठल्या तरी पाहुण्याला घरात ठेवून घ्यावं, तो कोपऱ्यात झोपतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून विसरून जावं, आणि १९ वर्षांनी कळावं की मागचं दार तोच उघडं ठेवत होता, अशातला प्रकार. ही बातमी फुटली आणि पहिल्याच आठवड्यात शंभरावर वेगवेगळी विषारी गाठोडी फिरताना मॅकॅफी कंपनीला दिसली. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाली की चोरही ती वाचतात. त्यांना माहीत असतं की आपल्यासारख्यांनी ती बसवलेली नसणार.

मग २०२३. यावेळची लबाडी तर अशी की ऐकून मी दोन मिनिटं गप्पच झाले. गाठोड्यात एक फोटो ठेवायचा, आणि अगदी त्याच नावाचा एक कप्पाही ठेवायचा. कप्प्यात चोराचा हुकूम. आपण फोटोवर बोट लावायचं, विनरारचा गोंधळ व्हायचा आणि फोटोच्या जागी कप्प्यातला हुकूम चालायचा. मग फोटोही दिसायचा, म्हणजे आपल्याला शंका यायला नको. एप्रिल २०२३ पासून चोर हे वापरत होते, शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या लोकांवर. जुलैत ग्रुप-आयबी या कंपनीला ते सापडलं, ऑगस्टमध्ये ६.२३ या आवृत्तीत दुरुस्ती आली.

हे परदेशातलं झालं, आपला काय संबंध, असं म्हणू नका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेकराइट विभागानं सांगितलं की साइडकॉपी नावाची टोळी हीच भेग वापरून भारतातल्या सरकारी कार्यालयांत शिरायला बघतेय. क्विक हील म्हणजे कैलास आणि संजय काटकर या दोघा भावांची कंपनी. कैलास काटकरांचं शिक्षण दहावीपर्यंतचं, सुरुवात पुण्यात रेडिओ, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून. दुरुस्ती करता करता कॉम्प्युटरमधल्या किडीपर्यंत पोचले. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या केंद्रात दहावी झालेली पोरं येतात आणि म्हणतात, "आम्हाला काय येणार ताई."

आणि आता अगदी अलीकडचं. जुलै २०२५ मध्ये स्लोव्हाकियातल्या ईसेट कंपनीला विनरारमध्ये पुन्हा पत्त्याचीच चूक सापडली. हमाल पुन्हा भलत्या खोलीत. चोर कंपन्यांना नोकरीचा अर्ज पाठवत होते. अर्जाचं गाठोडं, वर बायोडाटा, आत लपवलेली पोती, त्यांवर भलता पत्ता. ३० जुलै २०२५ ला ७.१३ ही आवृत्ती आली आणि भेग बुजली.

पण इथं एक मोठी गोम आहे. विनरार स्वतःहून नवीन होत नाही. फोनमधली अ‍ॅप रात्री चार्जिंगला लावल्यावर आपोआप नवीन होतात, तसं याचं नाही. कुणीतरी उठून नवीन आणून बसवावं लागतं. शिवाय याची गंमत माहीत आहे ना? चाळीस दिवस फुकट वापरा, मग पैसे भरा, असं ते सांगतं. चाळीस दिवस संपले की आठवण करतं आणि तरी चालतच राहतं. त्यामुळं कुणी पैसेही भरत नाही आणि कुणी लक्षही देत नाही. कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी दुकानदारानं जे बसवून दिलं तेच कॉम्प्युटर भंगारात जाईपर्यंत.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाही. माझ्याच टेबलावर झालेलं आहे.

आमच्या ओळखीच्या एका गटाच्या बायका मिरची पावडर करतात. त्यांचा ईमेल मीच काढून दिलेला, बघतेही मीच. एक दिवस मेल आला: २०० किलो पावडर पाहिजे, नमुना आणि दर सोबत जोडले आहेत, बघून कळवा. २०० किलो! त्या गटानं तोवर एका वेळी २० किलोच्या वर माल दिला नव्हता. मी आनंदानं ते गाठोडं सोडलं. आत पाकिटाचा फोटो होता, दराचा तक्ता होता. सगळं नीट. मी लगेच अध्यक्षाबाईंना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी चक्कीवाल्याला सांगून ठेवलं.

चार दिवसांनी बँकेतून फोन आला. "ताई, तुमच्या गटाच्या मेलवरून आम्हाला हे दरपत्रक कशाला पाठवलंय?" मी काही पाठवलं नव्हतं. ते गाठोडं माझ्या मेलमधल्या सगळ्या पत्त्यांवर गेलं होतं. बँक, दुसरे चार गट, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. नांदेडहून दुरुस्तीवाला मुलगा आला. त्यानं विनरार उघडून वरच्या हेल्पवर गेला, अबाउट दाबलं आणि माझ्याकडं बघितलं. ५.५०. कॉम्प्युटर घेतल्या दिवसापासूनचं. नक्की कुठल्या भेगेतून चोर आला ते त्यालाही ठामपणे सांगता आलं नाही. "यात एवढ्या भेगा आहेत ताई, की कुठूनही आला असेल," म्हणाला.

२०० किलोची ऑर्डर नव्हतीच, हे अध्यक्षाबाईंना सांगताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कॉम्प्युटर पुसून टाकताना वाटलं नाही. पण खरं दुखणं पुढं होतं. त्या कॉम्प्युटरमध्ये ३४ बायकांचे कागद होते. आधार, पासबुक, फोटो, कर्जाचे ठराव. चोरानं ते नेले की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. गप्प बसता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. दोन रात्री मी त्याच विचारात काढल्या, खोटं कशाला बोलू. मग तिसऱ्या दिवशी घरोघर गेले.

कुणी चिडलं, कुणी "जाऊ दे, आमच्या खात्यात आहे काय" म्हणालं. एका मावशींनी विचारलं, "बाई, माझा अंगठा गेला का?" शेजारी बसलेला त्यांचा नातू हसला. मला हसू आलं नाही. आधार कार्डाच्या झेरॉक्समध्ये बोटाचा ठसा नसतो, हे खरं. पण मावशींना सही येत नाही. कर्जाच्या ठरावावर त्यांचा शाईचा अंगठा होता आणि तो ठराव स्कॅन करून माझ्याकडं होता. २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात एका माणसानं जमिनीच्या दस्तांवरच्या अंगठ्यांवरून खोटे ठसे बनवले होते आणि त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली होती. मावशींचा प्रश्न अडाणी नव्हता. तेवढ्या ३४ जणींत तोच सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

त्यावर उपाय आहे. आधारचे ठसे कुलूपबंद करता येतात, आधारच्या वेबसाइटवर किंवा आधारच्या अ‍ॅपवर, फोन नंबर आधारला जोडलेला असला की झालं. कुलूप असताना कुणी तुमच्या अंगठ्यावर पैसे काढू शकत नाही. पण लक्षात ठेवा, बँक मित्राकडं तुम्हालाही मग पैसे मिळणार नाहीत, आधी थोड्या वेळासाठी कुलूप उघडावं लागतं. मावशी म्हणाल्या, "कपाटाला नाही का, घ्यायच्या वेळी उघडायचं." त्या ३४ जणींपैकी ज्यांना पाहिजे त्यांचं मी तसं करून दिलं. बँकेत लेखी कळवलं. मेलचा पासवर्ड बदलला. आजवर कुणाच्या खात्यातून काही गेलेलं नाही. देवाची कृपा म्हणा की चोराचा कंटाळा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कॉम्प्युटर नाही, विनरारशी आमचा काय संबंध? पण तुमचे कागद ज्याच्या कॉम्प्युटरात आहेत त्याच्याकडं आहे ना. तुम्ही माझ्यासारखीच्या टेबलासमोर आधार कार्ड ठेवता, तेव्हा विचारायचा हक्क तुमचा आहे. "ताई, तुमचं विनरार कितवं आहे?" एवढंच विचारायचं. ७.१३ किंवा त्याच्या पुढचं असलं पाहिजे. सेव्हन-झिप नावाचं दुसरं असेल, तर २५.०१ किंवा पुढचं, कारण त्यातही भेगा निघाल्या होत्या. आणि ती म्हणाली "मला माहीत नाही", तर चिडू नका. मलाही नऊपैकी आठ वर्षं माहीत नव्हतं. तिला म्हणा, बघून सांगा, मी बसते. झिप उघडण्यापुरतं काम असेल तर विंडोजला ते स्वतःचं स्वतः येतं, वेगळा हमाल ठेवायचीही गरज नाही. आणि काम झालं की गटाचे कागद कॉम्प्युटरमधून पुसून टाकायला सांगा. मी आता पुसते. जे गोदामात नाही ते चोरीला जात नाही.

एक ऐकण्यासारखी गंमत सांगते. काही गाठोड्यांत चोर काही ठेवतच नाही, फक्त गाठोड्यात गाठोडं, त्यात गाठोडं. बेचाळीस नावाचं एक प्रसिद्ध झिप आहे, ४२ किलोबाइटचं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोपेक्षा लहान. पूर्ण सोडलं तर साडेचार पेटाबाइट माल निघतो. किती म्हणजे? आपल्या साध्या कॉम्प्युटरात जेवढी जागा असते, तसे हजारो कॉम्प्युटर भरतील. हमाल सोडता सोडता मरतो. आता बहुतेक सॉफ्टवेअर ते ओळखतात, पण माणसाच्या डोक्यात काय काय येतं बघा.

कुणाचे पैसे गेलेच, तर १९३० या नंबरावर लगेच फोन करायचा. त्याच तासात केला तर पैसे मध्येच अडवता येण्याची आशा असते. बायका उशीर करतात तो का, हे मला माहीत आहे. नवरा ओरडेल, पोरगा म्हणेल तू कशाला बोट लावलंस. त्या भीतीत दोन दिवस जातात आणि पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. मी घरच्यांना हात जोडून सांगते, आधी १९३० लावा, ओरडायचं ते नंतर ओरडा. मोठमोठ्या कंपन्यांना १९ वर्षं स्वतःच्या घरातली भेग दिसली नाही. आपल्या आईला एक पत्रिका ओळखता आली नाही, तर तिच्यावर किती ओरडायचं?

त्या पावडरवाल्या गटानं अजून झिप पाठवणं सोडलेलं नाही, बँकेला तसंच लागतं. पण मेलवर गाठोडं आलं की आता आधी पाठवणाऱ्याला फोन जातो, आपल्याकडच्या जुन्या नंबरावर, मेलमध्ये लिहिलेल्या नव्हे. आणि त्यांच्या बैठकीच्या रजिस्टरमध्ये, जमा रकमेच्या खाली, सचिवबाई दर महिन्याला एक ओळ लिहितात. मागच्या बैठकीची मी वाचून आले. "केंद्रातल्या ताईंचे विनरार तपासले. ताईंनी सही केली."